कातीव गोलाई

मराठीत ‘कातणे’ हे क्रियापद दोन कामांना चालते. चरख्यावर सूत कातले जाते, आणि फिरत्या ठोकळ्याला हत्यार लावून लाकूडही कातले जाते. हे दुसरे काम करणारा तो कातारी. देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याचे गज, लाटणे, मुलांचा भोवरा, हे सगळे त्याच्या हातचे. त्याच्याच कामातून ‘कातीव’ हा शब्द आला. नेमक्या उताराच्या, कुठेही न अडखळणाऱ्या आकाराला तो आपण आजही लावतो.

यो-योत ही दोन्ही कातकामे एकत्र येतात. अंग लेथवर कातलेले आणि दोरी पीळ देऊन कातलेली. पूर्वी ती सुताची असे, आता बहुधा पॉलिएस्टरची असते. अंग जितके साधे, तितके त्याच्या उताराकडे लक्ष जाते. म्हणून या पुस्तकासाठी मी सर्वांत साधा प्रकार निवडला: धातूचा, गोलसर, काहीही न मिरवणारा.

पुस्तकात अशा एकाच यो-योची घडण सांगितली आहे. ॲल्युमिनियमचा, व्यास ५५ मिलिमीटर, रुंदी ४४ मिलिमीटर, वजन ६६ ग्रॅम. त्यावर रंग नाही, कोरीव नाव नाही, पायरी नाही, खाच नाही. दोन वाट्या बुडाला बूड लावून धराव्यात, मधे साडेचार मिलिमीटरची फट ठेवावी आणि त्या फटीत दोरी फिरावी, असे त्याचे रूप आहे. आजच्या बऱ्याच धातूच्या यो-योंची मापे याच आसपास असतात. वेगळेपण आहे ते वाटीच्या उतारात, आणि पुस्तकाची निम्म्याहून अधिक पाने त्या एका उतारावर खर्च झाली आहेत.

एवढ्या उतारासाठी एवढी पाने कशाला, याचे उत्तर तळहात आणि भौतिकशास्त्र यांच्या भांडणात आहे. यो-यो वेगाने परत येऊन तळहातावर आदळतो, तेव्हा हाताला गोल वस्तू हवी असते. टोकदार कड लागते, गोल कड सामावते. खिशात, मुठीत, बोटांवर, सगळीकडे हेच. पण फिरण्याच्या दृष्टीने गोल आकार आळशी आहे. एखादी वस्तू फिरती राहण्याचा हट्ट किती करते, हे तिच्या वजनाइतकेच ते वजन आसापासून किती दूर आहे यावरही अवलंबून असते, आणि दूरपणाचा हिशेब वर्गाने होतो. सारखेच वजन आणि सारखाच व्यास घेतला, तर सगळे वजन कडेवर असलेल्या बांगडीचा हट्ट १ धरावा. सपाट चकतीचा मग ०.५ येतो आणि भरीव गोळ्याचा फक्त ०.४. स्पर्धेतले यो-यो पाहिले की या हिशेबाचा परिणाम दिसतो. मधून निमुळते, बाजूंना उघडत गेलेले, आणि अगदी बाहेरच्या कडेवर जाड वळे. ते छान फिरतात. त्यांतले पुष्कळसे पकडताना हाताला लागतात.

गोळ्याची सुटका त्याच हिशेबात दडलेली आहे. भरीव गोळा ०.४ वर अडतो, पण तोच आतून पोखरून पातळ कवच ठेवले तर आकडा ०.६७ वर जातो. बाहेरून तोच आकार, तळहाताला तोच स्पर्श, आणि फिरणे मात्र सपाट चकतीलाही मागे टाकणारे. आमच्या यो-योच्या दोन वाट्या भरीव ठेवल्या असत्या तर वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या घरात गेले असते. ते ६६ ग्रॅमवर आणायचे, म्हणजे शंभराहून अधिक ग्रॅम धातू आतून काढायचा. तो कुठून काढला आणि कुठे ठेवला, यातच सगळे आरेखन आले. बाहेरची गोलाई बघणाऱ्याला दिसते. खेळणाऱ्याला जे जाणवते ते वाटीच्या आत घडलेले असते.

थोडे मागे जायला हवे, कारण गोलाईची ही चैन आजच परवडू लागली आहे आणि ती परवडण्यामागे कारण आहे.

दोरीवर वरखाली होणारी चकती फार जुनी. इसवी सनापूर्वी सुमारे ४४० मधल्या एका ग्रीक पात्रावर ती खेळणारा मुलगा रंगवलेला आहे. ते पात्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे १८ व्या शतकातल्या राजस्थानी लघुचित्रांत चक्री खेळणाऱ्या स्त्रिया दिसतात. पण धातूच्या यो-योची गोष्ट सांगायची तर मला १८६६ साल महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या जेम्स हेवन आणि चार्ल्स हेट्रिक यांनी या खेळण्याच्या सुधारित रचनेचे पेटंट घेतले. कडेचा फुगवटा जड चाकासारखे काम करतो, हे त्यांनी त्यात नोंदवले होते. वजन कडेवर न्यावे हा विचार असा दीडशे वर्षांहून जुना आहे.

तेव्हाची दोरी मात्र आसाला घट्ट बांधलेली असे. चकती खाली जाई, टोकाला पोचे आणि लगेच उलटी गुंडाळत वर येई. फिलिपिन्सहून अमेरिकेत आलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे यो-यो बनवायला सुरुवात केली. त्यांच्या यो-योत दोरी आसाला बांधलेली नसून आसाभोवती फास घालून सैल सोडलेली होती. त्या सैल फासामुळे यो-यो तळाशी जाऊन तिथेच फिरत राहू शकला. खेळाडू याला झोपणे म्हणतात, आणि आजच्या बहुतेक करामती या झोपेतच होतात. फ्लोरेस यांचा धंदा पुढे डोनाल्ड डंकन यांच्याकडे गेला आणि ‘यो-यो’ हे नाव डंकन कंपनीचे झाले. अखेर १९६५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने तो सर्वांचा शब्द ठरवला.

सैल फास आला तरी दोरी आसावर घासतच होती. लाकडी आस, वर सूत. झोप काही सेकंदांची. म्हणून कडेवरचा प्रत्येक ग्रॅम मोलाचा होता. पुढचे मोठे पाऊल टाकले सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम कून या दंतवैद्याने. दातांच्या कामात बारीक मापांची सवय हाताला लागतेच, आणि त्यांच्या यो-योंत ती दिसते. १९७८ मध्ये त्यांनी सुटे करून तीन तऱ्हांनी जोडता येणारा लाकडी यो-यो काढला. १९९० मध्ये त्यांचा ॲल्युमिनियमचा एसबी-२ आला. त्याच्या आसावर बॉल बेअरिंग होते. दोरी आता बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर बसली आणि आतला यो-यो तिच्याशी न भांडता फिरू लागला. झोप सेकंदांतून मिनिटांत गेली.

बेअरिंगने एक गोष्ट दिली आणि एक काढून घेतली. घर्षण इतके कमी झाले की दोरीला झटका देऊन यो-यो परत बोलावता येईना. मग खेळाडूंनीच वाट काढली: दोरीचा एक वळसा फटीत सरकवायचा, तो भिंतींवरच्या सिलिकॉनच्या पातळ कड्यांत अडकतो आणि यो-यो गुंडाळत हातात येतो. याला बाइंड म्हणतात. आज गंभीरपणे खेळणारे जवळपास सगळे असाच यो-यो वापरतात. माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब अशी, की फिरण्याचा बराचसा भार बेअरिंगने उचलल्यावर आकाराला मोकळीक मिळाली. कडेवर जाड वळे न चढवताही भरपूर झोप मिळू लागली, आणि तळहाताचे म्हणणे पुन्हा ऐकता येऊ लागले.

वजनाबद्दलही एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. एप्रिल १९८५ मध्ये डिस्कव्हरी या अंतराळयानातून काही खेळणी वर नेली होती, त्यांत यो-यो होता. तिथे तो झोपेना. दोरी ताणून धरायला खाली ओढणारे काही नव्हते, त्यामुळे टोकाला पोचला की तो लगेच परत फिरे. पृथ्वीवर यो-योला झोप लागते ती त्याच्या वजनाने दोरी ताठ राहते म्हणून. वजन फार कमी केले की दोरी ढिली पडते आणि यो-यो हवेत भरकटल्यासारखा वाटतो. फार वाढवले की बोटाला फास रुततो. ६६ ग्रॅमच्या थोडे अलीकडे-पलीकडे बहुतेक हात समाधानी असतात.

आता उतार. पहिल्या खेपेला मी सोपा रस्ता धरला. डेन्मार्कचे पीट हाइन यांनी १९५९ मध्ये स्टॉकहोमच्या एका चौकासाठी सुचवलेली वक्ररेषा मला फार आवडते. लंबवर्तुळाच्या समीकरणात जिथे वर्ग असतो तिथे त्यांनी अडीचचा घात घेतला. निघालेला आकार आयत आणि लंबवर्तुळ यांच्या मधला, भरलेल्या गालांसारखा. त्याच वक्रावरून त्यांनी धातूचे अंडेही केले. ते टोकावर उभे राहते. दोन वाट्यांना हाच वक्र द्यावा असे ठरवून मी नमुना कातला. दिसायला तो आजवरच्या माझ्या सगळ्या नमुन्यांत देखणा होता.

खेळायला तो वाईट होता. कारण वक्रातच होते. या आकाराचे गाल भरलेले असतात ते त्याचे बूड सपाट असते म्हणून. दोन सपाट बुडे समोरासमोर आली की फटीच्या दोन्ही भिंती बराच पल्ला समांतर चालतात. दोरीचा एकच पदर असेल तोवर चालून जाते. करामतीत तीन-चार पदर एकमेकांशेजारी आले की ते भिंतींना घासतात, फेरा मंदावतो, यो-यो कलतो आणि नको त्या क्षणी बाइंड होऊन बोटांवर उडी मारतो. माझ्या उजव्या तर्जनीने त्या आठवड्यात हे पुष्कळदा अनुभवले.

वक्र बदलण्याआधी मी बरेच दिवस फट रुंद करून पाहिली, सिलिकॉन खोल बसवून पाहिले. ही मलमपट्टी होती. उपाय वेगळ्याच दिशेने सापडला. गोलाई सगळीकडे सारखी वाटून देण्याची गरज नाही. ती कडेकडे सरकवता येते. बेअरिंगपासून निघताना भिंत जवळजवळ सरळ ठेवली आणि लगेच बाहेर उघडती केली, म्हणजे दोरीला जागा झाली. मग जसजसे कडेकडे जावे तसतसे वळण घट्ट होत जाते आणि कडेवर ते पूर्ण वळून वाटीच्या आत उतरते. स्टीलच्या वाटीची वळवलेली कड बोटाने चाचपून पाहावी, तसे. जिथे वळण घट्ट तिथेच धातू जाड ठेवायला जागा मिळते, आणि ती जागा आसापासून सर्वांत दूर. तळहात, दोरी आणि फेरा या तिघांनाही हवे ते एकाच ठिकाणी मिळाले. हा वक्र कागदावर पहिल्यांदा बरोबर उतरला त्या दिवशी मी काम थांबवून बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक ज्येष्ठ टर्नर येत असत. त्यांचे सगळे आयुष्य लेथवर गेलेले. मी त्यांना नव्या वक्राचा पहिला नमुना दाखवला. त्यांनी तो बघितलाच नाही. डोळे मिटले, अंगठा फटीपासून कडेकडे नेला आणि दोन ठिकाणी थांबले. “इथे आणि इथे जोड आहे,” म्हणाले. मी तो वक्र तीन वर्तुळखंड एकमेकांना स्पर्शरेषेवर जोडून काढला होता. जोडावर कोपरा नव्हता. मापाने तपासले तर काही सापडले नसते. पण जोडाच्या अलीकडे त्रिज्या एक आणि पलीकडे एकदम दुसरी. वळण सलग होते, वळणाची तीव्रता सलग नव्हती, आणि अंगठ्याला तेच कळले. पुढे तो नमुना मी खिडकीशी धरला तेव्हा डोळ्यांनाही पटले: धातूवर पडलेली उजेडाची रेघ त्या दोन जागी तुटत होती.

त्रिज्या हळूहळू घटत जाणारा सलग वक्र मग नव्याने काढावा लागला, आणि तो लेथला समजावणे हे निराळेच काम निघाले. सीएनसी लेथचा कंट्रोलर मुळात दोन चाली ओळखतो, सरळ रेषा आणि वर्तुळखंड. सलग वक्र त्याला द्यायचा तर बारीक तुकड्यांत चिरून द्यावा लागतो, आणि तुकडे मोठे राहिले तर पुन्हा जोड दिसतात. पुस्तकातल्या या कामाच्या प्रकरणात मी आकडे मोकळ्या हाताने दिले आहेत, कारण बाकी कुठे घाई चालते, इथे चालत नाही.

पृष्ठभागाबद्दल एवढेच. टूलचे टोक थोडे गोल असते आणि जॉबच्या, म्हणजे कातल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला ते किंचित पुढे सरकते, त्यामुळे ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक सऱ्या उमटतात. टोकाची त्रिज्या ०.४ मिलिमीटर आणि दर फेऱ्याला सरक ०.१ मिलिमीटर असेल तर सरीची उंची साधारण ३ मायक्रॉन येते. सरक निम्मी केली की उंची चौथाईवर, ०.८ मायक्रॉनपर्यंत खाली येते. वेळ मात्र दुप्पट लागतो. मी निम्मीच ठेवली. रंग किंवा ॲनोडायझिंग पुढे करणार असू तर त्याखाली काही झाकले जाते. कोरा धातू ठेवायचा तर टूलचा शेवटचा हात हेच वस्तूचे शेवटचे रूप. कोरे ॲल्युमिनियम हाताळून काळवंडते, ओरखडे घेते. मला ते आवडते. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी मणी मारून मंद केलेल्या पृष्ठभागावर ॲनोडायझिंग करण्याची पद्धत दिली आहे. बोटावर किंवा अंगठ्याच्या नखावर यो-यो फिरता ठेवणाऱ्यांना तसा मंद पृष्ठभागच सोयीचा पडतो.

गोल वस्तू कातताना नवशिक्याला आधी न सुचणारी अडचण अशी, की तिला धरायचे कुठे? लेथच्या चकला धरायला सरळ दंडगोल लागतो. वाटीची आतली बाजू कातून झाली, जॉब उलटला, की बाहेरची गोलाई कातण्यासाठी पकडायला काही उरतच नाही. बरेच यो-यो कडेवर छोटा सपाट पट्टा ठेवतात, त्यामागे पुष्कळदा हेही कारण असते. तो पट्टा मला नको होता. म्हणून आसाच्या आट्यांवरच वाटी घट्ट बसेल असा मँड्रेल करून घेतला आणि बेअरिंगची बैठक त्याच्या खांद्यावर टेकवली. यात आणखी एक मोठा फायदा झाला. ज्या आसाभोवती यो-यो पुढे जन्मभर फिरणार, त्याच आसाभोवती तो कातला गेला.

या एककेंद्रीपणावर पुढे सगळे उभे आहे. यो-यो मिनिटाला काही हजार फेरे घेतो. कड आणि बेअरिंगची बैठक यांची केंद्रे किंचित सरकली तरी दोरीतून थरथर बोटापर्यंत पोचते. वापरलेले बेअरिंग या खेळात रूढ झालेल्या मापाचे आहे: आतला व्यास ६.३५, बाहेरचा १२.७, रुंदी ४.७६ मिलिमीटर. त्याची बैठक काही मायक्रॉन जाड झाली तर बेअरिंग बसत नाही, काही मायक्रॉन बारीक झाली तर ते डुगडुगते. साध्या गोल यो-योला थरथर लपवायला जागा नसते. रंगीत टोप्या, खाचा, नक्षी असलेल्या वस्तूत नजर दुसरीकडे जाते. कोऱ्या गोल अंगावर यो-यो फिरत असताना उजेडाची रेघ स्थिर दिसायला हवी, जणू तो थांबलेला आहे. रेघ थरथरली तर चूक लगेच उघडी पडते.

धातूंची तुलना पुस्तकात आहे, पण थोडक्यात. ६०६१ ॲल्युमिनियमचा घन सेंटिमीटर २.७ ग्रॅम भरतो, ७०७५ चा २.८, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचा ४.४, पितळेचा साडेआठच्या आसपास. ७०७५ अधिक कणखर असल्याने भिंत पातळ ठेवता येते, तेवढेच वजन कडेकडे पाठवता येते. टायटॅनियम देखणे आणि खणखणीत आहे, कातायला महागही तितकेच. पहिला यो-यो करणाऱ्याने ६०६१ घ्यावे असे माझे ठाम मत आहे. ते स्वस्त आहे, हत्याराशी भांडत नाही, आणि वक्र चुकला तर चूक लगेच कळते. कोणत्याही औद्योगिक वसाहतीत ६० मिलिमीटरची सळी मागितली तर मिळते.

शेवटी आराखड्याबद्दल एक सूचना. पुस्तकाच्या अखेरीस वाटीचा पूर्ण छेद छापला आहे. बाहेरच्या वक्राचे सगळे बिंदू त्यात आहेत आणि ते बदलू नयेत अशी विनंती आहे. सगळ्या वक्रावरून मिलिमीटरचा दहावा हिस्सा उतरवला तरी दोन्ही वाट्या मिळून सुमारे २ ग्रॅम जातात, आणि तेही बरेचसे कडेवरचे, नको तिथले. आतल्या बाजूची दोन मापे मात्र मी मुद्दाम रिकामी ठेवली आहेत: वाटीच्या तळाची जाडी आणि कडेच्या आतल्या वळणाची खोली. तुमचे बेअरिंग, तुमचा आसाचा स्क्रू, तुमच्या सळीचा धातू यांवर ती ठरतील. वाट्यांची पहिली जोडी थोडी जाड ठेवून कातावी, तराजूवर ठेवावी, बेअरिंग घालून फेकून पाहावी, मग आतून थोडे थोडे उतरवावे. हाताला पटले त्या क्षणी मापे घ्यावीत आणि त्या दोन चौकटींत पेन्सिलीने लिहावीत.